एफटीपी का डब्ल्यू प्राइम? पॉवर मीटर घेतल्यावर टेस्ट कोणती करावी

सायकलला पॉवर मीटर (आपण किती वॅटचा जोर लावतोय ते मोजणारं यंत्र) घेतला की पहिला प्रश्न हाच, वीस मिनिटांची एफटीपी टेस्ट करायची (साधारण तासभर टिकेल तो जोर, वीस मिनिटांच्या सरासरीच्या 95 टक्के धरून) का क्रिटिकल पॉवरची, म्हणजे सीपीची. मी दोन वर्षं एफटीपीवरच होतो, मागच्या पावसाळ्यापासून सीपी आणि डब्ल्यू प्राइम (सीपीच्या वरच्या जोरासाठीचा साठा) बघायला लागलो, म्हणून दोन्हीकडचं थोडं सांगू शकतो.

एफटीपी वाईट अजिबात नाही. एकच आकडा लक्षात ठेवायचा, सगळे झोन (सरावातल्या जोराच्या पायऱ्या) त्यावरून निघतात, ट्रेनिंग प्लॅनही बहुतेक त्यावरच बेतलेले असतात. ब्रेवे (लांब पल्ल्याची राइड) किंवा टाइम ट्रायल (एकट्यानं घड्याळाशी शर्यत) एवढंच करायचं असेल तर तेवढ्यावर छान भागतं.

माझी अडचण झाली ती रस्त्याची. वीस मिनिटं न थांबता फुल गॅस जायचं म्हणजे तसा रस्ता पाहिजे ना. संभाजीनगरहून दौलताबादकडे मी तीनदा टेस्ट लावली, पहाटे निघून, आणि तिन्ही वेळेला रस्त्यावरच्या जुन्या, अरुंद दिल्ली दरवाज्यापाशी अडकलो. तिथून एका वेळी एकच मोठी गाडी निघते, एकदा तर समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आलेला, मागे सरता येईना त्याला आणि मला पुढे जाता येईना. चौदाव्या मिनिटाला पाय खाली टेकला की टेस्ट गेली, आणि त्या दिवसाचे पायही गेले. सीपीला एक 3 मिनिटांचा आणि एक 12 मिनिटांचा जोर लावला तरी चालतं, मध्ये एखाद्या दिवसाची विश्रांती घेऊन. खुलताबादच्या पुढे म्हैसमाळच्या चढाला ते आरामात बसतं. खरं सांगायचं तर याच एका कारणानं मी बदललो, बाकीचं नंतर कळत गेलं.

बाकीचं म्हणजे काय, तर आपल्याकडच्या बोअर आणि हौदासारखं आहे बघा. बोअरची जी धार आहे ती सीपी, तेवढं पाणी बराच वेळ उपसता येतं. त्याच्या वर जे लागेल ते हौदातून जातं, तो हौद म्हणजे डब्ल्यू प्राइम, किलोज्यूलमध्ये मोजतात. धारेपेक्षा कमी उपसलं की हौद परत भरायला लागतो, पण सावकाश. आपण त्याला सरसकट ॲनारोबिक (ऑक्सिजनशिवायची ताकद) म्हणतो, पण तो निव्वळ ॲनारोबिक साठा नसतो हेही ध्यानात ठेवा. कल्पना जुनीच आहे, 1965 मध्ये मोनो आणि शेरे यांनी मांडलेली.

माझे आकडे: 3 मिनिटं 330 वॅट, 12 मिनिटं 255. गणित केलं की सीपी 230 आणि हौद 18 किलोज्यूल. बीडचा एक मित्र आहे, त्याचा सीपी 240 पण हौद 10 चाच. यावरून वीस मिनिटांचा हिशोब करून 95 टक्के काढले तर माझा एफटीपी 233 आणि त्याचा 236, म्हणजे कागदावर दोघं सारखेच. पण 330 वॅटचा अटॅक (रेसमध्ये कुणी अचानक वेग वाढवून सुटायला बघतो तो) लागला तर मी तीन मिनिटं टिकतो आणि तो दोन मिनिटांच्या आत सुटतो, उलट सपाटीवर तासभर जोर लावायचा म्हटलं की तो मला मागे टाकतो. एफटीपीत हा फरक दिसतच नाही, हौदातलं थोडं पाणी त्याच आकड्यात मिसळलेलं असतं आणि 5 टक्क्यांची वजावट सगळ्यांना सारखीच.

गेल्या हिवाळ्यात एका रेसमध्ये पहिल्या तासात मी दोन अटॅकच्या मागे गेलो, प्रत्येक वेळी 330 च्या आसपास मिनिटभर, म्हणजे 6-6 किलोज्यूल गेले. शेवटच्या चढाला ग्रुप सुटला तेव्हा मला वाटलं दिवसच वाईट होता. घरी येऊन गोल्डन चीता या सॉफ्टवेअरमध्ये हौदाचा ग्राफ उघडला, तर चढ सुरू व्हायच्या आधी समोरच्या वाऱ्यात मी अजून 4 घालवले होते, ग्रुपच्या आडोशाला राहिलो असतो तर ते वाचले असते. तो ग्राफ मी कितीतरी वेळ बघत बसलो.

हौद किती वेगानं भरतो हे मात्र मॉडेल सांगतं तसंच होईल असं नाही, माझ्या अनुभवात दोन-तीनदा रिकामा झाला की नंतर फारच हळू भरतो आणि स्क्रीनवरचा आकडा जरा जास्तच आशा दाखवतो. आणि 3 मिनिटांच्या टेस्टमध्ये हात राखून चालवलं तर हौद खोटाच लहान निघतो.

घरी ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचं स्टँड) असेल आणि नुसते झोनच पाहिजे असतील तर एफटीपी करा, काही बिघडत नाही. ग्रुपमध्ये रेस करायची असेल तर मी तरी म्हणेन 3 आणि 12 करून बघा. उन्हाळ्यात करत असाल तर ऊन चढायच्या आत संपवा, नाहीतर 12 मिनिटांचा आकडा पडतो आणि सगळं गणित तिरकं जातं.