लेओव्हरमध्ये (दोन विमानांमधल्या थांब्यात) विमानतळ बदलावा की त्याच विमानतळावरून पुढे जावे? तिकीट काढण्यापूर्वीची तुलना

लंडन, पॅरिस, टोकियो, सोल, इस्तंबूल किंवा न्यूयॉर्कमार्गे पुढे जाण्याचे तिकीट शोधताना दोन प्रकारचे पर्याय एकाखाली एक दिसतात. पहिल्यात विमान जेथे उतरते त्याच विमानतळावरून पुढचे विमान सुटते, तर दुसऱ्यात उतरायचे एका विमानतळावर आणि पुढचे विमान पकडायचे त्याच शहराच्या दुसऱ्या विमानतळावरून. दुसरा पर्याय अनेकदा स्वस्त असतो आणि विमानतळ बदलावा लागण्याची सूचना बारीक अक्षरांत दिलेली असते. अशी तिकिटे सर्रास समोर येतात, कारण तिकीटयंत्रणेत शहरालाही स्वतंत्र संकेत असतो. लंडनचे हीथ्रो आणि गॅटविक दोन्ही ‘एलओएन’ या संकेताखाली येतात, टोकियोचे हानेदा आणि नारिता ‘टीवायओ’खाली. यंत्रणेच्या लेखी प्रवासी एकाच ठिकाणी उतरून तेथूनच निघत असतो.

या दोन पर्यायांची तुलना बहुतेक जण अंतरावरून करतात. माझ्या मते ती सीमेवरून करावी. आंतरराष्ट्रीय विमानातून उतरून त्याच विमानतळावर दुसरे आंतरराष्ट्रीय विमान पकडणारा प्रवासी बहुतेक देशांत औपचारिकदृष्ट्या त्या देशात शिरतच नाही. तो ट्रान्झिट भागातून, म्हणजे फक्त विमान बदलणाऱ्यांसाठीच्या भागातून, जातो, फार तर पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी होते आणि एकच तिकीट असेल तर त्याच्या बॅगा सहसा परस्पर पुढच्या विमानात चढतात. विमानतळ बदलणाऱ्याला मात्र इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहून देशात प्रवेश घ्यावा लागतो, पट्ट्यावरून बॅगा उचलाव्या लागतात, कस्टम्समधून बाहेर पडावे लागते, शहर ओलांडावे लागते आणि दुसऱ्या विमानतळावर बॅगा देण्यापासून सुरक्षा तपासणीपर्यंत सगळे नव्याने करावे लागते. थोडक्यात, एक पूर्ण आगमन आणि एक पूर्ण प्रस्थान त्या काही तासांत बसवायचे असते.

वेळेचा हिशेब याच क्रमाने मांडावा. विमानातून बाहेर पडणे, इमिग्रेशन आणि बॅगा यांना एक ते दीड तास धरावा. दोन विमानतळांमधल्या प्रवासाला, शहरानुसार, पाऊण ते दोन तास. आणि आंतरराष्ट्रीय विमानाचे बॅगा घेण्याचे काउंटर सुटण्याच्या साधारण एक तास आधी बंद होते, म्हणून खरी मुदत उड्डाणाची नसून काउंटरची असते. ही बेरीज बहुतेक शहरांत चार तासांच्या आसपास जाते आणि तीत पहिल्या विमानाच्या उशिराला जागा नसते. त्यामुळे पाच तासांपेक्षा कमी वेळ असेल तर मी असे तिकीट बाजूला ठेवीन. सहा-सात तास असतील तर विचार करीन. एकाच विमानतळावरच्या कनेक्शनला, म्हणजे पुढचे विमान पकडायला, दीड-दोन तास सहसा पुरतात. प्रत्येक विमानतळासाठी आणि विमानतळांच्या जोडीसाठीही कनेक्शनची किमान वेळ ठरवलेली असते आणि दोन्ही विमानांचे एकसंध तिकीट तिच्याहून कमी वेळेत विकले जात नाही, हे खरे आहे. परंतु ती किमान वेळ आहे, सोयीची नव्हे.

व्हिसाचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण वेळ कमी पडल्यास धावता तरी येते, व्हिसा नसल्यास पहिल्या विमानात बसूही दिले जात नाही. ब्रिटनमध्ये व्हिसा आवश्यक असलेल्या प्रवाशांसाठी ट्रान्झिटचे दोन वेगळे व्हिसा आहेत. एकावर सीमा तपासणी न ओलांडता केवळ विमान बदलता येते. दुसऱ्यावर सीमा ओलांडून देशात शिरता येते, पण 48 तासांच्या आत निघावे लागते. हीथ्रोवर उतरून गॅटविकहून जाणाऱ्याला पहिला व्हिसा निरुपयोगी आहे. शेंगेन देशांतही, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतही, हाच भेद आहे. विमानतळ ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे ‘ए’ प्रकारचा व्हिसा, फक्त विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागापुरता असतो, त्यामुळे पॅरिसमध्ये शार्ल द गोलहून ओर्लीला जाण्यासाठी प्रवेशाचा शेंगेन व्हिसा हवा. ज्यांच्या पासपोर्टला त्या देशात व्हिसाच लागत नाही त्यांना हा परिच्छेद लागू नाही; इतरांनी तिकिटातली बचत मोजताना व्हिसाचे शुल्क, त्याला लागणारे आठवडे आणि नकाराची शक्यता तीत धरावी. अनेकदा बचत तेथेच संपते.

अमेरिका या तुलनेत वेगळी पडते. तेथील विमानतळांवर आंतरराष्ट्रीय ट्रान्झिटची वेगळी व्यवस्था सामान्यतः नसल्याने पुढे दुसऱ्या देशात जाणाऱ्यालाही इमिग्रेशनमधून जावे लागते आणि बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात. म्हणजे व्हिसा आणि इमिग्रेशनचा भार दोन्ही पर्यायांत सारखाच राहतो आणि विमानतळ बदलण्याची किंमत मुख्यतः मधल्या रस्त्याइतकी उरते. देशांतर्गत विमान पुढे असेल तर इतरत्रही असेच घडते. नारिताला उतरून हानेदाहून जपानमधल्याच दुसऱ्या शहरात जाणाऱ्याला इमिग्रेशन आणि कस्टम्स टाळता येणारच नव्हते. सोलमध्ये तर जेजू बेटाची विमाने मुख्यतः गिम्पोहून सुटतात, त्यामुळे इंचॉनला उतरणाऱ्याला विमानतळ बदलण्यावाचून फारसा पर्याय नसतो. अशा ठिकाणी विमानतळ बदलण्याला नाक मुरडण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरा निर्णायक मुद्दा तिकिटाच्या रचनेचा आहे आणि तो विमानतळांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा ठरू शकतो. दोन्ही विमाने एकाच आरक्षणात असतील तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढच्या विमानात जागा देणे ही सहसा कंपनीची जबाबदारी असते. दोन स्वतंत्र तिकिटे असतील तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी फक्त वेळेवर आला नाही. तिकीट वाया जाते आणि त्याच तिकिटावर पुढचे टप्पे किंवा परतीचा प्रवास असेल तर तोही बहुधा रद्द होतो. म्हणून एकाच आरक्षणातला विमानतळ बदल आणि एकाच विमानतळावरची पण स्वतंत्र तिकिटे यांत निवड करायची वेळ आली, तर मी पहिल्याकडे झुकेन. दोन स्वतंत्र तिकिटे आणि त्यात विमानतळ बदल, ही जोडी मात्र मध्ये एक रात्र मुक्काम असल्याखेरीज घेऊ नये. एकाच आरक्षणात असूनही विमानतळ बदलताना बॅगा परस्पर जातील असे गृहीत धरू नये. त्या जवळजवळ नेहमी स्वतः न्याव्या लागतात, आणि मधल्या बस-रेल्वेचा खर्च तिकिटात धरलेला असेलच असे नाही. फक्त हातातले सामान असणाऱ्याचा बॅगांसाठीचा अर्धा-पाऊण तास वाचतो.

आता शहरे. सर्वांत सुकर जोडी सोलची वाटते, कारण इंचॉन आणि गिम्पो एकाच विमानतळ रेल्वेवर आहेत आणि गाडी न बदलता सुमारे 40 मिनिटांत पोहोचता येते. शांघायमध्ये पूर्वी पुडाँग ते हाँगच्याव हा प्रवास मेट्रोने संपूर्ण शहर ओलांडून करावा लागे. 2024 च्या अखेरीस सुरू झालेल्या विमानतळ जोडमार्गामुळे तोही सुमारे 40 मिनिटांवर आला आहे, त्यामुळे जुने अनुभव वाचून या जोडीला नकार देण्यात अर्थ नाही. टोकियोत हानेदा शहराला लागून आणि नारिता सुमारे 60 किलोमीटर दूर असले तरी दोहोंमध्ये थेट रेल्वेगाड्या धावतात. दीड-पावणेदोन तास धरावेत. प्रत्येक गाडी थेट नसते, हेही लक्षात ठेवावे. बस साधारण सव्वा ते दीड तास घेते. पॅरिसमध्ये मेट्रोचा 14 क्रमांकाचा मार्ग 2024 मध्ये ओर्लीपर्यंत गेल्यापासून शार्ल द गोलहून आरईआर ‘बी’ या उपनगरी रेल्वेने शहराच्या मध्यापर्यंत येऊन एकदाच गाडी बदलावी लागते. मोठ्या बॅगा घेऊन गर्दीच्या वेळी ती बदलणे सुखाचे नाही, एवढेच.

लंडनमध्ये हीथ्रो ते गॅटविक थेट रेल्वे नाही. एलिझाबेथ या रेल्वेमार्गाने फॅरिंग्डन स्थानकाला येऊन थेम्सलिंक रेल्वेची गाडी धरता येते, किंवा एम-25 महामार्गावरून बसने जाता येते. बसचा वेळ दीड तासाच्या आसपास, पण तो महामार्ग कोंडीसाठीच ओळखला जातो. बँकॉकमध्ये सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग यांच्यामध्ये पुढचे तिकीट दाखवणाऱ्यांसाठी मोफत बस आहे, मात्र तीही वाहतुकीतच अडकते. इस्तंबूलचा नवा विमानतळ युरोपच्या बाजूला आणि सबिहा ग्योकचेन आशियाच्या बाजूला आहे. मेट्रो दोन्हीकडे पोहोचली आहे, पण एकाच गाडीने जाता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये जेएफके आणि लाग्वार्डिया दोन्ही शहराच्या क्वीन्स या एकाच भागात आहेत, तरी लाग्वार्डियाला रेल्वे नाही. जेएफके ते नेवार्क म्हणजे मॅनहॅटनच्या पूर्वेकडून पश्चिमेला, थेट दुसऱ्या राज्यात, आणि रेल्वेने गेल्यास तीन-चार वेळा गाडी बदलून. ही शेवटची जोडी मी सर्वांत खाली ठेवीन.

दिवसाची वेळही पाहावी. ओर्लीवर रात्री साडेअकरा ते सकाळी सहा विमानांची ये-जा बंद असते आणि नारितावरही रात्रीचे निर्बंध आहेत. हानेदा चोवीस तास चालू असतो. त्यामुळे संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या शेवटच्या विमानासाठी विमानतळ बदलण्यातला धोका दुपारच्या विमानापेक्षा बराच मोठा असतो, कारण ते चुकल्यास त्या रात्री दुसरे नसते आणि मध्यरात्रीनंतर शहरातल्या बहुतेक रेल्वेही थांबलेल्या असतात. उलट, मध्ये रात्रभराचा मुक्काम असेल आणि प्रवेशाचा व्हिसा हाती असेल, तर प्रवासी तसाही शहरात जाणार असतो. सकाळी कोणत्या विमानतळाकडे निघायचे याने फारसे बिघडत नाही.

परतीचा प्रवास वेगळा तपासावा. जाताना एकाच विमानतळावर कनेक्शन आणि येताना विमानतळ बदल, अशी तिकिटे सहज मिळतात, आणि शोधाच्या पानावर नजर जाण्याच्या प्रवासावरच खिळलेली असते. जाता-येता दोन्ही वेळा विमानतळ बदलायचा असेल तर व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी पाहून घ्यावे. एका प्रवेशाचा व्हिसा जातानाच खर्ची पडतो.