कॉन्वी की कार्नार्वन: उत्तर वेल्समधील एका दिवसाची निवड

उत्तर वेल्समध्ये एखादाच मोकळा दिवस मिळत असेल, तर कॉन्वी आणि कार्नार्वन या दोन किल्लेवजा नगरांपैकी कोणते निवडावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दोन्हींची उभारणी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकल्यावर 1283 मध्ये सुरू केली, दोन्हींवर आल्प्समधील सॅव्हॉय प्रांतातून आलेल्या जेम्स ऑफ सेंट जॉर्ज या स्थपतीची देखरेख होती आणि 1986 पासून दोन्ही एकाच जागतिक वारसा स्थळाचा भाग आहेत. किल्ल्याला लागून तटबंदीचे नगर वसवायचे आणि त्यात इंग्रज वसाहतकरी आणून बसवायचे, हे धोरणही सारखेच होते.

फरक पडला तो बांधकामाच्या वेगात आणि हेतूत. कॉन्वीचा आठ बुरुजांचा किल्ला जेमतेम चार-पाच वर्षांत पुरा झाला. उलट कार्नार्वनचे काम 1330 पर्यंत रेंगाळले आणि तरीही अपुरे राहिले. 1294 मध्ये मॅडॉग आप लिवेलिन याच्या नेतृत्वाखाली वेल्श उठाव झाला, तेव्हा नगराकडील बाजू अजून धड उभी राहिली नसल्याने कार्नार्वन बंडखोरांच्या हाती पडले आणि जाळले गेले. त्याच हिवाळ्यात खुद्द एडवर्ड कॉन्वीत अडकून पडला होता, पण किल्ल्याने दाद दिली नाही.

असे असूनही निव्वळ वास्तू म्हणून कार्नार्वन वरचढ आहे, असे माझे मत आहे. तेथील बहुकोनी बुरूज आणि दगडांचे वेगवेगळ्या रंगांचे पट्टे पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण करून देतात, आणि जवळच सेगॉन्टियम हे रोमन ठाणे असल्याने हे साम्य मुद्दाम साधले असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. किंग्ज गेट या मुख्य प्रवेशद्वाराच्या आतल्या भिंतींतून पुढे आलेले दगडांचे दाते पाहावेत: त्यांना जोडून जी दालने उठायची होती, ती कधीच उठली नाहीत. दुसऱ्या एडवर्डचा जन्म 1284 मध्ये याच नगरीत झाला, तर 1911 आणि 1969 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सचे पदग्रहण सोहळे या किल्ल्यात पार पडले. ज्यांना सत्तेच्या प्रदर्शनाचा इतिहास वाचायचा आहे, त्यांनी येथेच यावे. गुडघे कुरकुरत असतील तर 2023 मध्ये पूर्ण झालेल्या कामात किंग्ज गेटला लिफ्टही बसवली आहे.

नगर म्हणून मात्र कॉन्वीला तोड नाही. सुमारे 1.3 किलोमीटर लांबीची, 21 बुरुजांची तटबंदी जवळजवळ अखंड असून तिच्या बऱ्याच भागावरून विनाशुल्क चालता येते. कार्नार्वनचा तट शाबूत असला, तरी त्यावर चढायला फारसा वाव नाही. आपल्याकडच्या गडांच्या फांजीवरून फिरलेल्याला ही रपेट ओळखीची वाटेल, फक्त येथे तटाच्या आत नांदते गाव आहे. दक्षिणेकडील तटावर बाहेर झुकलेल्या 12 शौचकूपांची रांग आहे, आणि राजाच्या कारभाऱ्यांसाठी केलेली ही सोय कित्येक पर्यटक वर न पाहताच ओलांडून जातात. आत सोळाव्या शतकातील प्लास मावर हा श्रीमंती वाडा आहे, धक्क्यावर ब्रिटनमधील सर्वांत लहान म्हणवले जाणारे लाल घर आहे (त्यासाठी थांबलेच पाहिजे असे नाही), आणि किल्ल्याला लगटून थॉमस टेलफर्ड या अभियंत्याचा 1826 चा झुलता पूल आहे. किल्ल्यात चढ-उतार मात्र अरुंद चक्राकार जिन्यांनीच करावा लागतो.

प्रवासाची बाब कॉन्वीच्या बाजूने झुकते, कारण रेल्वे थेट तटाच्या आत थांबते. कार्नार्वनला मुख्य रेल्वेमार्गाचे स्थानक नसल्याने बँगरला उतरून बस धरावी लागते. म्हणून एकच दिवस असल्यास मी कॉन्वी सुचवेन. दोन दिवस असतील तर दुसरा कार्नार्वनला द्यावा आणि सकाळ किल्ल्यात घालवून दुपारी, गाड्यांचे हंगामी वेळापत्रक आधी तपासून, वेल्श हायलँड रेल्वेच्या अरुंदमापी गाडीने डोंगरांतून पोर्थमॅडॉगकडे निघावे.