शिक्षा कशासाठी: फेड की सुधारणा?

पुण्यात कायदा शिकणाऱ्यांसाठी हा प्रश्न फक्त पेपरातला नाही. येरवड्याचं कारागृह शहरातच आहे.

प्रतिशोधाचा सिद्धांत मागे पाहतो: गुन्हा घडला, म्हणून शिक्षा. त्याला सूड समजणं चूक आहे. सूडाला माप नसतं, इथे शिक्षा दोषाच्या प्रमाणातच हवी. निरपराधाला ‘धडा म्हणून’ शिक्षा देता येत नाही, हे या विचाराचं मोठं बळ.

सुधारणावाद पुढे पाहतो: हा माणूस बाहेर आल्यावर कसा जगेल? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत (गुन्हे आणि शिक्षांचा मुख्य कायदा) समाजसेवा ही शिक्षा आली. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी, पहिल्यांदाच दोषी आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. सराईतांच्या संगतीत महिने काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. येरवड्याचं खुलं कारागृह, म्हणजे कैद्यांना कमी बंदोबस्तात ठेवणारा तुरुंग, तेही माणूस सुधारू शकतो याच विश्वासावर चालतं.

पण ‘सुधारेपर्यंत ठेवा’ म्हटलं, तर मुदत कोण ठरवणार? म्हणून मला वाटतं, शिक्षेची कमाल मर्यादा प्रतिशोधाने ठरवावी आणि त्या मर्यादेच्या आत काय करायचं, ते सुधारणेने.