आठ बोल्ट, त्यातले सहा नुसत्या टोप्या

पाटण तालुक्यात माझा केबल आणि इंटरनेटचा धंदा आहे. घराच्या तळमजल्यावरची एक खोली म्हणजे आमची कंट्रोल रूम. तिथं यंत्रं बसवायचा ४२ यूचा एक रॅक (यू हे रॅकच्या उंचीचं माप), साडेसहा फुटांच्या आसपास उंच, आणि शेजारी अँगलच्या स्टँडवर दोन थरांत आठ ट्युब्युलर बॅटऱ्या. अ‍ॅसिड भरलेली एक बॅटरी पंचावन्न-साठ किलोची, म्हणजे त्या स्टँडवरच जवळजवळ पाच क्विंटल वजन.

हे जमिनीला का जखडायचं, ते आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आई आठ वर्षांची होती. मांडणीवरची पितळी भांडी आधी वाजली आणि मग मांडणीच आली, असं ती सांगते. आताही अधूनमधून धक्का बसतो, तावदानं वाजतात, माणसं कूस बदलून परत झोपतात. पण चाकांवर उभा असलेला रॅक कूस बदलत नाही. शिवाय भूकंपच लागतो असंही नाही. सरकत्या ट्रेवरचा जड यूपीएस कुणी पूर्ण पुढं ओढला, तर मोकळा रॅक माणसाच्या अंगावर झुकतो. मी एकदा पाहिलंय, दोघांनी खांदा दिला म्हणून निभावलं.

तर गेल्या वर्षी खोलीत नवी व्हिट्रिफाइड फरशी बसवली आणि ठरवलं की आता रॅक आणि स्टँड कायमचे बोल्टनं पक्के करायचे. ज्यानं रॅक विकला त्यानंच एका ठेकेदाराचा नंबर दिला. माणूस बोलायला गोड. खोलीत आल्या आल्या बुटाच्या टाचेनं फरशी ठोकून म्हणाला, "दादा, केमिकल अँकर मारतो. हत्ती बांधला तरी हलणार नाही." म्हणजे भोकात गोंदासारखं केमिकल भरून त्यात सळी रोवायची. आठ अँकर, प्रत्येकी साडेचारशे, वर मजुरी दोन हजार. एकूण ५,६००. मी घासाघीसही केली नाही. केमिकल शब्दानंच गार झालो होतो म्हणा ना.

कामाला तो स्वतः आला, बरोबर एक पोरगा. रॅकच्या पुढच्या पायाशी त्यानं मला बोलावून उभं केलं. भोक किती खोल न्यायचं त्याची खूण म्हणून ड्रिलच्या बिटला निळी टेप गुंडाळली होती. ती टेप फरशीला टेकेपर्यंत त्यानं भोक मारलं, फुंकर घातली, फास्टनर ठोकला, पान्यानं आवळला आणि माझ्याच हातात पाना देऊन म्हणाला, "बघा, फिरतोय का." नाही फिरला. दुसराही तसाच. टेबलावर केमिकलची नळी ठेवलेली होती, तोंड उघडलेली, अर्धी दाबलेली. तेवढ्यात ग्राहकाचा फोन आला, गावात एका गल्लीचं नेट गेलं होतं. मी गाडी काढली. तासाभरानं परत आलो तर काम झालेलं, खोली झाडलेली, आठही ठिकाणी चकचकीत षटकोनी टोप्या. नळी त्याच्या पिशवीत गेली होती. पैसे फोनवरून पाठवले. बिल मागितलं तर "पक्कं पाहिजे असेल तर जीएसटी वर लागेल दादा" म्हणाला आणि मी हसून सोडून दिलं. इथंच माझी अक्कल संपली होती.

सहा-सात महिने काही झालं नाही. होणारही नव्हतं, कारण रॅक काही रोज हलत नाही. मग पावसाळ्यात एकदा खोली पुसणाऱ्या मावशींनी सांगितलं, "भाऊ, त्या बॅटरीच्या खालचा खिळा हलतोय, पोछा अडकतो." मी खाली बसलो. टोपीला बोट लावलं तर ती फिरली. दोन बोटांत धरून वर ओढली आणि कवळी हातात यावी तसा तो बोल्ट हातात आला. दीड इंचाचा तुकडा. खालचं टोक ग्राइंडरनं कापलेलं, कापल्याची निळसर झाक अजून तशीच, आणि आट्यांत पांढऱ्या सिमेंटची भुकटी.

त्या दिवशी मी आठही तपासले. स्टँडचे चारही तसलेच. रॅकचे मागचे दोन तसलेच, फक्त तिथं पांढऱ्या सिमेंटऐवजी एम-सील होतं, त्यामुळे ओढायला पक्कड लागली. माझ्यासमोर मारलेले पुढचे दोन तेवढे घट्ट. म्हणजे पाच क्विंटलच्या बॅटऱ्यांना जमिनीशी बांधणारं काहीच नव्हतं, आणि माझी दोन्ही पोरं सुट्टीत त्याच खोलीत येऊन कॉम्प्युटरवर बसत होती.

फोन केला. आधी म्हणाला, पोरानं घोळ केला असेल, बघतो. दोन दिवसांनी म्हणाला, "पण रॅक पडला का दादा? नाही ना? मग?" तिसऱ्या वेळेला रिंगच जाईना. ओळखीच्या वकिलांना विचारलं तर त्यांनी बिल मागितलं, कोटेशन मागितलं, कामाचे फोटो मागितले. माझ्याकडं पैसे पाठवल्याचा एक मेसेज होता आणि त्यात "काम" एवढंच लिहिलेलं.

मग कऱ्हाडहून दुसरे मिस्त्री आणले. वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी आधी ते दोन घट्ट अँकर पाहिले, पहार लावली आणि दोन झटक्यांत एक उपटून माझ्या हातात दिला. मला वाटलं होतं निदान हे दोन तरी खरे. "हे केमिकल नाही," ते म्हणाले, "साधा फास्टनर आहे. ही खाली क्लिप दिसते ना? ठोकल्यावर ती फाकून भोकाला धरते. केमिकलमध्ये नुसती आट्यांची सळी असते." मग मोजपट्टी काढली. फास्टनर १०० मिलिमीटरचा. त्यातले नट-वॉशरसाठी वर १५ गेले. रॅकच्या पायाची पट्टी ५, फरशी १०, फरशीखालचा मसाला ४५. खऱ्या काँक्रीटमध्ये उरले २५, जेमतेम एक इंच. या जाडीच्या फास्टनरला साधारण ६० तरी लागतात. मसाल्यात घातलेली लांबी त्यांच्या हिशेबी शून्यच, कारण तो पोकळ, भुसभुशीत असतो. टेप टेकेपर्यंत मारलेलं ते खोल भोक म्हणजे मला दाखवायचा तमाशा होता. आणि बाकीची सहा भोकं तर दीड इंचाची, म्हणजे मसाल्यातच संपलेली. काँक्रीटला बिट लागलंसुद्धा नव्हतं.

त्यांनी मला भुकटी ओळखायला शिकवली, ती गोष्ट मात्र सोन्यासारखी. ड्रिल चालू असताना खाली कागद धरायचा. आधी पांढरी बारीक पूड येते, ती फरशी. मग वाळूसारखी रवाळ, मातकट, आणि बिट लोण्यात जावं तसं आत सरकतं, तो मसाला. मग एकदम आवाज बदलतो, हात थरथरतो आणि करडी-काळसर पूड यायला लागते. ती आपली काळ्या दगडाची खडी, म्हणजे काँक्रीट लागलं. खोली मोजायची ती तिथून पुढं. त्या पहिल्या माणसाचं बिट बोथट असणार, असा त्यांचा अंदाज. बोथट बिटानं खडीत एकेक भोक पाडायला घाम निघतो, आणि दुपारच्या आत दुसऱ्या गावी जायचं असलं की सहा भोकं वाचवायची. फास्टनर स्वतः चाळीस-पन्नास रुपयांची वस्तू. एवढ्यासाठी!

नवं काम एका रात्रीत उरकलं नाही. रात्री एकनंतर नेट बंद ठेवून रॅक रिकामा केला, बॅटऱ्या ओसरीत काढल्या. मिस्त्रींनी पायांचा साचा पुठ्ठ्यावर काढून घेतला, प्रत्येक जागी सहा इंची चौकोनात फरशी कापली, मसाला खरवडून खाली पीसीसीपर्यंत, म्हणजे साध्या काँक्रीटच्या थरापर्यंत गेले. पीसीसी पाच इंची आहे, घर बांधताना माझ्यासमोरच घातलेलं, म्हणून साडेतीन इंच खोल जायला जागा होती. दहाच्या सळीला बारा मिलिमीटरचं भोक. ते पंपानं फुंकलं, ब्रश फिरवला, परत फुंकलं, परत ब्रश. मी म्हटलं बास की, तर म्हणाले, धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. नळीची तारीख मला वाचायला लावली. पहिल्या दोन-तीन पिचकाऱ्या कागदावर टाकून दिल्या, दोन्ही रंग एकजीव होईपर्यंत. सळी फिरवत फिरवत आत घातली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला हात लावू दिला नाही. मग कापलेले खड्डे न आकसणाऱ्या ग्राऊटनं भरून पक्के होऊ दिले, त्यावर रॅक आणि स्टँडचे पाय बसवले आणि टॉर्क पान्यानं एकेक नट टक् वाजेपर्यंत आवळला. शेवटी प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत लाल रंगाची एक रेघ ओढली. नट कधी ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. नऊ हजार रुपये आणि चार दिवस गेले. प्रत्येक भोकाचा फोटो, आत मोजपट्टी उभी धरून, त्यांनी स्वतःहून पाठवला.

कुणाकडं असलं काम निघालं तर एवढंच करा की शेवटचा बोल्ट बसेपर्यंत तिथून हलू नका, ग्राहकाचा फोन आला तरी. आणि वर नुसती बोल्टची टोपी दिसत असेल तर संशय घ्या. आमच्यासारखी सळी असेल तर तिचं आट्यांचं टोक नटाच्या बाहेर आलेलं दिसतं.

मध्यंतरी त्याच ठेकेदाराच्या स्टेटसला एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबचा फोटो दिसला, दुसऱ्या नंबरवरून पाहिला. नवा रॅक, खाली तशाच चकचकीत टोप्या. शाळेचा नंबर शोधून सरांना फोन लावला, माझी हकीकत सांगितली आणि म्हटलं, पाना वगैरे नको, नुसती बोटानं फिरवून बघा. सरांचा आवाज जरा तुटक होता, माझाच काही डाव आहे असं वाटलं असावं. वीस मिनिटांनी त्यांचाच फोन आला.

"चारातले तीन," ते म्हणाले. "आणि ज्याला मी उभा होतो, तो एक बसलाय."