वीझरचा 'पिंकरटन': चाली भारी, पोरगा अवघड

पहिल्यांदा लावला तेव्हा चौथ्या गाण्यापर्यंतसुद्धा टिकलो नव्हतो, खरं सांगतो. कानात वीझर या अमेरिकन रॉक बँडचा निळ्या कव्हरवाला पहिला अल्बम (१९९४) बसलेला, रिक ओकॅसेकनं प्रोड्यूस केलेला, एकदम घासूनपुसून चकचकीत, आणि हा १९९६ चा दुसरा म्हणजे सुरुवातीलाच फीडबॅकची किरकिर, सिंथेसायझरची घरघर आणि वर पोरगा ओरडतोय की मला या सगळ्याचा कंटाळा आलाय.

यावेळी बाहेरचा प्रोड्यूसर नाही, बँडनं स्वतःच केलाय. गायलेत पण तिघं एकत्र माइकभोवती उभं राहून, त्यामुळे कोरस कधीकधी बेसूर म्हणावा इतका सैल. ड्रम तर अंगावर येतात. पण दोनतीनदा ऐकलं की चाली डोक्यातून जातच नाहीत, 'एल स्कॉर्चो' तर मी भांडी घासताना पण ओरडतो.

ही गाणी लिहिताना बँडचा गायक रिव्हर्स क्वोमो हार्वर्डला शिकायला गेलेला, आखूड पाय लांब करायचं ऑपरेशन झालेलं, पायाला लोखंडी फ्रेम, हातात काठी. 'द गुड लाइफ'मध्ये ती सगळी चिडचिड आहे, म्हातारपण नको झालंय म्हणतो, वय काय तर पंचवीस!

आता 'अक्रॉस द सी'. जपानहून आलेल्या एका फॅनच्या पत्रावरचं गाणं, माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात सुंदर आणि तेच ऐकताना सगळ्यात जास्त अवघडल्यासारखं होतं. पोरगी अठराची, पत्र साधं, आणि हा बसल्या बसल्या काय काय कल्पना करतोय. खरं बोलला म्हणून सगळं चालवून घ्यायचं का? मला नाही जमत, पण गाणं स्किप पण करवत नाही.

त्याला हे कळत नव्हतं असं नाही हां. पुचिनीच्या 'मादामा बटरफ्लाय' ऑपेरात जो अमेरिकन नेव्ही ऑफिसर जपानी बायकोला सोडून जातो त्याचं नाव पिंकरटन, म्हणजे पठ्ठ्यानं व्हिलनचंच नाव अल्बमला दिलंय.

आला तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, क्वोमोनं स्वतःसुद्धा नंतर नावं ठेवली, आता लोक डोक्यावर घेतात. पावणेपस्तीस मिनिटांच्या आत संपतो, दहाच गाणी. शेवटचं 'बटरफ्लाय', नुसती अकूस्टिक गिटार, आरडाओरडा बंद, आणि संपताना सॉरी सॉरी म्हणत राहतो. मला ते सॉरी निम्मंच पटतं.