लादीवर लादी बसवताना झालेली आमची फसवणूक

जुनी फरशी न फोडता तिच्यावरच नवी टाइल बसवून देतो, असे सांगणारे ठेकेदार सध्या मुंबई-ठाण्याकडच्या जुन्या सोसायट्यांमधून सर्रास फिरत असतात. पद्धत म्हणून यात वावगे काहीही नाही. फोडकाम, धूळ, राडारोडा वाहून नेण्याचा खर्च आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी हे सारे टळते, आणि काम नियमाने झाले तर नवी लादी वर्षानुवर्षे टिकते. मात्र या कामातील खरी कारागिरी लादीच्या खाली असते आणि लादी बसल्यावर ती कोणाच्याच नजरेस पडत नाही. नेमक्या याच गोष्टीचा फायदा घेऊन डोंबिवलीत माझ्या आईच्या घरी एका ठेकेदाराने जो प्रकार केला, तो इतर कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

आईच्या घरात राजनगरचा पांढरा मार्बल होता. तो पिवळा पडला होता, पण कुठेही हलत नव्हता. हॉल, पॅसेज आणि एक खोली मिळून सुमारे ४०० चौरस फुटांचे काम होते. दोन बाय चार फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आम्ही स्वतः आणल्या, तर मजुरी, अ‍ॅडेसिव्ह (लादी चिकटवण्याचा तयार मसाला) आणि ग्राउट (लाद्यांमधील सांधे भरण्याचा मसाला) ठेकेदाराकडे होते. जुना मार्बल ग्राइंडरने खरवडून खडबडीत करणे आणि जुन्या फरशीवर चालणाऱ्या ‘टाइप ३’ अ‍ॅडेसिव्हच्या २० किलोच्या नऊ गोण्या वापरणे, या दोन्ही बाबी त्याने कोटेशनमध्ये लिहून सही करून दिल्या होत्या आणि त्यांचे पैसेही स्वतंत्रपणे लावले होते.

या दोन बाबींवरच सगळे काम अवलंबून असते. मार्बलवर पॉलिशचा, मेणाचा आणि रोजच्या वापरातील तेलकटपणाचा थर साचलेला असतो; तो निघाल्याशिवाय कोणताही मसाला धरत नाही. दुसरीकडे व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते, त्यामुळे साध्या सिमेंटला तिच्यात शिरकाव करायला जागाच मिळत नाही. पॉलिमर असलेले अ‍ॅडेसिव्ह अशा गुळगुळीत पृष्ठभागाला चिकटू शकते, म्हणून ते लागते. आपल्याकडे त्यासाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे. २०१९च्या आवृत्तीत अ‍ॅडेसिव्हचे पाच प्रकार दिले आहेत आणि कोणता प्रकार आहे हे गोणीवर छापलेले असते.

कामाच्या दिवशी ठेकेदार आईला म्हणाला, “काकू, ग्राइंडरची धूळ तुम्हाला सोसायची नाही, तुम्ही आतल्या खोलीत दार लावून बसा.” आईला दम्याचा त्रास असल्याने तिला हे काळजीपोटी केलेले बोलणे वाटले. ग्राइंडरचा आवाज थोडा वेळ आला, मग थांबला, आणि ती बाहेर आली तेव्हा हॉलमध्ये लाद्यांच्या दोन रांगा बसलेल्या होत्या. हिशेबाच्या वेळी त्याने गच्चीच्या जिन्याशी रचलेल्या नऊ रिकाम्या गोण्या मोजून दाखवल्या आणि ठरलेली सगळी रक्कम घेतली. दारे खालून कापण्याचे पैसे वेगळे घेतले. ९ मिलिमीटरची लादी आणि खालचा थर मिळून जमीन साधारण १२ ते १५ मिलिमीटर वर येते, म्हणून ते काम खरोखरच आवश्यक होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पावसाळा संपला तशी पॅसेजमध्ये चालताना पोकळ आवाज येऊ लागला, आणि सांध्यांतील ग्राउट पावडर होऊन केरात येऊ लागले. ठेकेदाराचे म्हणणे असे की व्हिट्रिफाइड टाइलचा आवाज असाच असतो. उन्हाळ्यात, भर दुपारी, हॉलमधील एक पूर्ण रांग मोठा आवाज होऊन मधोमध वर उचलली गेली. उष्णतेने टाइल्स किंचित प्रसरण पावतात, म्हणून भिंतीलगत काही मिलिमीटरची फट सोडून ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली, झाकायची असते. इथे लाद्या थेट भिंतीला भिडवलेल्या होत्या.

उचललेली लादी आम्ही फोडली नाही, तशी गरजच पडली नाही. सांध्यात पट्टी घालून किंचित उचलताच ती अखंड हातात आली. खाली चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे सिमेंटचे पाच गोळे होते, बाकी सगळी जागा रिकामी. लादीची मागची बाजू इतकी कोरी होती, की कारखान्यातून येताना तिच्यावर असलेली पांढरी भुकटीदेखील तशीच होती. ती फडक्याने पुसून काढणे हे कामाचे पहिले पाऊल आहे. आणि त्या गोळ्यांच्या मधल्या मार्बलला जुन्या पॉलिशची चकाकी कायम होती. ग्राइंडर फिरल्याच्या खुणा फक्त पॅसेजच्या तोंडाशी, आईच्या खोलीच्या दाराजवळ, हातभर जागेत सापडल्या.

त्यानंतर मी सोसायटीच्या फाटकावरील नोंदवही पाहिली. तिच्यात ठेकेदाराच्या नावावर अ‍ॅडेसिव्हच्या तीनच गोण्या आत आल्याची नोंद होती, बाकी साधे सिमेंट आणि रेती. तीन मिलिमीटर जाडीच्या थराला २० किलोची गोणी ५० चौरस फुटांच्या आसपास पुरते, म्हणजे आमच्या कामाला आठ-नऊ गोण्या लागणारच होत्या. हिशेबाच्या दिवशी आईने रिकाम्या गोण्यांचा फोटो काढून ठेवला होता. तो मोठा करून पाहिल्यावर नऊ गोण्यांवर उत्पादनाचे चार निरनिराळे महिने दिसले. त्या दुसऱ्या कामांवरून गोळा करून आणलेल्या होत्या, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही. म्हाताऱ्या माणसाच्या आजाराची सबब पुढे करून तिला दाराआड बसवणे, ही गोष्ट मला पैशांपेक्षाही अधिक लागली आहे.

ज्यांच्या घरी असे काम सुरू होणार आहे त्यांनी अ‍ॅडेसिव्ह शक्यतो स्वतः, पक्क्या बिलाने विकत घ्यावे आणि गोण्या आपल्यासमोर फोडायला लावाव्यात. काम सुरू होण्यापूर्वी जुन्या फरशीवर सगळीकडे नाण्याने ठोकून पाहावे. जिथे पोकळ वाजते तेवढा तुकडा काढून भरून घ्यावाच लागतो. खरवडलेल्या मार्बलवर पाण्याचा हात फिरवून चकाकी गेली आहे का ते पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बसवलेली दुसरी-तिसरी लादी ओली असतानाच उचलून दाखवायला सांगावे. दातेरी थापीने ओढलेल्या मसाल्याने लादीची पाठ कोपऱ्यांसकट भरलेली दिसली, तरच पुढचे काम करू द्यावे. प्रामाणिक मिस्त्री याला कधीही हरकत घेत नाही. उठलेली रांग आता नव्याने बसवून गेलेल्या मिस्त्रीने तर न सांगता लादी उलटी करून दाखवली. शेवटचा मोठा हप्ता ग्राउट वाळून सगळ्या लाद्या ठोकून पाहिल्यावरच द्यावा.

फसवणूक झालीच असेल तर सगळ्या लाद्या लगेच काढून टाकू नयेत. एखादी लादी उचलतानाचे चित्रीकरण, कोटेशन, पैसे दिल्याच्या नोंदी आणि फाटकावरील नोंदवहीच्या पानाचा फोटो जपून ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही. आमची तक्रार दाखल झाली आहे. हॉलमधील जी रांग उठली होती तेवढीच नव्याने बसवून घेतली असून बाकीच्या लाद्या आयोगाने पाहणी करायची ठरवल्यास दाखवता याव्यात म्हणून जशाच्या तशा ठेवल्या आहेत.