भागीदार शाळेला आपल्या वर्गाची ओळख: थेट भेट, चित्रफीत की टपाल?

परदेशातील एखादी शाळा जोडीला मिळाली की वर्गशिक्षकाच्या मनात पहिला विचार येतो तो व्हिडिओ कॉलचा, आणि मुलांनाही तोच हवा असतो. माझे मत मात्र असे आहे की पहिल्या ओळखीसाठी व्हिडिओ कॉलवरची थेट भेट हा तिन्ही पर्यायांतला सर्वांत कच्चा पर्याय आहे, आणि तोच दुसऱ्या भेटीसाठी सर्वांत चांगला आहे.

साधा हिशेब करून पाहावा. तीस मुलांनी प्रत्येकी अर्धा मिनिट बोलायचे ठरवले तरी १५ मिनिटे जातात, समोरच्या वर्गाची आणखी तेवढीच, आणि नाव, वय, आवडता खेळ अशा क्रमाने साठ मुलांचे बोलणे ऐकून झाल्यावर कोणाच्याही लक्षात धड दोन नावे राहत नाहीत. मागच्या बाकावरचा आवाज माइकपर्यंत पोहोचत नाही, कौतुकाने कॅमेऱ्यासमोर धरलेले चित्र खिडकीच्या उजेडाने पांढरेफटक दिसते, आणि दोन्हीकडचे शिक्षक "ऐकू येतंय का?" एवढेच विचारत राहतात. घड्याळाची अडचण तर वेगळीच. टोकियो आणि साओ पाउलो यांच्यात १२ तासांचा फरक असल्याने एकीकडे शाळा भरलेली असते तेव्हा दुसरीकडे रात्र असते. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात एरवी पाच तासांचे अंतर असते, पण उन्हाळी वेळेसाठी अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे सरकतात आणि ब्रिटनमधील त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या काळात ते चार तासांवर येते आणि ठरलेली भेट हमखास चुकते.

चित्रफितीला हे बंधन नाही. चुकलेले वाक्य पुन्हा बोलता येते, खाली उपशीर्षके देता येतात, आणि लाजऱ्या मुलाला चेहरा न दाखवता नुसता आवाज देता येतो. ज्या मुलांच्या पालकांनी चित्रीकरणाला लेखी संमती दिलेली नाही, त्यांनाही अशा रीतीने वगळावे लागत नाही. धोका एकच, पण मोठा: शिक्षकांच्या हौसेपोटी तिचे स्नेहसंमेलन होते. पाठ केलेले स्वागतपर भाषण आणि मागे संगीत यांपेक्षा घंटेचा आवाज, दप्तरे ठेवायची जागा आणि फळा पुसायच्या पाळीवरून झालेली कुरबुर अशा पाच मिनिटांतून वर्ग अधिक कळतो. मूळ फाइल मात्र स्वतःकडे ठेवावी. शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेली फ्लिप ही व्हिडिओसेवा २०२४ मध्ये स्वतंत्र रूपात बंद झाली आणि मे २०२५ मध्ये स्काइपही थांबले.

टपालाचा मार्ग जुनाट वाटेल, पण त्याच्यामागे शंभर वर्षांचा अनुभव आहे. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२० च्या दशकात वर्गातच छापखाना आणला, मुलांनी स्वतः लिहून छापलेले मजकूर फ्रान्समधल्याच दूरच्या ब्रिटनी प्रांतातील शाळेला पाठवले, आणि शाळाशाळांमधील पत्रव्यवहार हा आपल्या अध्यापनाचा एक आधारच केला. १९८८ मध्ये मॉस्को आणि न्यूयॉर्क येथील शाळांना संगणकाने जोडण्यापासून सुरू झालेल्या आयअर्न या जाळ्यातही टेडी अस्वलाचा उपक्रम आहे: दोन वर्ग टपालाने एकमेकांना खेळण्यातले अस्वल पाठवतात आणि यजमान मुले त्या पाहुण्याच्या नावाने रोजनिशी लिहून कळवतात. पार्सलात वस्तू अशी असावी की ती हाताळून काही समजेल. वर्गाच्या लांबीएवढी दोरी पाठवून पाहा. समोरची मुले ती आपल्या खोलीत ताणतात, ती दाराबाहेर जाते किंवा भिंतीच्या अलीकडेच संपते, आणि प्रश्न आपोआप सुरू होतात. बिया, माती आणि खाद्यपदार्थ टाळावेत, कारण ते सीमाशुल्क तपासणीत अडकू शकतात. खर्च आणि वाट पाहणे हे या पर्यायाचे खरे दोष आहेत. लहान मुलांचा उत्साह महिनाभर टिकत नाही.

निवड करताना मुलांचे वय आणि हाताशी असलेला काळ या दोन गोष्टी पाहाव्यात. वाचन नुकतेच जमू लागलेल्या मुलांसाठी टपाल आणि अस्वल उत्तम, मात्र पार्सल वाटेत असताना एखादे छायाचित्र पाठवत राहावे. मोठ्या मुलांना किंवा दोन-तीन महिनेच हाती असलेल्या वर्गाला चित्रफीत बरी. जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये, ऑस्ट्रेलियात जानेवारीअखेरीस आणि युरोपात बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते, म्हणून समोरचा वर्ग आणखी किती महिने एकत्र राहणार आहे, हे पहिल्याच पत्रात विचारून घ्यावे.

थेट भेट त्यानंतर ठेवावी आणि तिला काम द्यावे. आधी ओळख झालेली नसेल आणि भेटच घ्यायची असेल, तर दोन्ही वर्गांनी आपला देश गुप्त ठेवून फक्त हो-नाही प्रश्नांतून एकमेकांचा ठावठिकाणा शोधण्याचा खेळ घ्यावा. ओळख झालेली असेल, तर अर्धा तास पुरतो, कारण तेव्हा एखादी मुलगी स्वतःचे नाव सांगत बसत नाही, ती थेट विचारते, "आमची दोरी तुमच्याकडे कुठपर्यंत पोहोचली?"